आपलीच फौज आपल्यावर उलटते तेव्हा

जालना एमआयडीसीत रुग्ण तपासताना एक वाक्य रोज कानी पडते, ‘डॉक्टरसाहेब, अंगात शक्ती नाही, एक सलाईन लावा.’ स्टील कारखान्यात भट्टीपुढे राबणाऱ्याचा थकवा बहुधा पाणी, जेवण आणि झोपेने जातो. पण एक अशक्तपणा असा आहे, की त्यात सलाईनवर वेळ दवडणे जिवावर बेतू शकते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात ‘गुलेन बारे सिंड्रोम’ म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. संख्या दोनशेच्या वर गेली. अनेकांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या चिकनमधून तो पोटात जातो. जुलाब काही दिवसांत थांबतात. खरा घोळ पुढेच होतो.

या जंतूच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे असतात. जंतू मारण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मग मज्जातंतूंवरच तुटून पडतात. चोर पळून जातो आणि तसाच सदरा घातलेला घरधनी मार खातो! अशीच चूक सांध्यांत झाली तर आमवात होतो. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे टॉनिक द्या’ म्हणणाऱ्यांना मी सांगतो, इथे फौज दुबळी नाही, तिचा नेम चुकला आहे.

जुलाब किंवा सर्दी-तापानंतर एक ते तीन आठवड्यांत दोन्ही पायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटते, उकिडवे बसल्यावर उठता येत नाही. अशक्तपणा काही दिवसांत वर सरकत हातांपर्यंत, कधी छातीच्या स्नायूंपर्यंत पोचतो. मग श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर एरवी पाय उडतो. या आजारात तो बहुधा उडत नाही. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, पण हातोडी ड्रॉवरमध्येच राहते, हे आम्हा डॉक्टरांनीही कबूल करावे.

इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने किंवा रक्तातील प्लाझ्मा बदलणे, हे दोन उपाय चालतात. ते पहिल्या दोन आठवड्यांत केले तर अधिक गुण येतो. स्टिरॉईडचा इथे उपयोग होत नाही. बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात, मात्र त्याला महिने लागतात.

पाय असे लुळे पडू लागले तर त्याच दिवशी व्हेंटिलेटरची सोय असलेले रुग्णालय गाठा. आणि मागे जुलाब झाले होते का, ते आपणहून सांगा. तोवर रुग्ण ते विसरलेला असतो.