अभिजात मोटारींच्या हेडलाईटची सुधारणा : बोईसर-बेटेगाव परिसराच्या संदर्भात एक तांत्रिक विवेचन

प्रस्तावना :

मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावरील चिल्हार फाट्यापासून बोईसरकडे येणारा रस्ता बेटेगाव परिसरातून जातो. तारापूर औद्योगिक वसाहतीकडे जाणारी मालवाहतूक, पाळीवरून परतणारे सायकलस्वार व पादचारी, दुचाक्या आणि खासगी मोटारी यांची येथे एकत्र वर्दळ असते. पावसाळ्यात ओल्या डांबरावर समोरून येणाऱ्या वाहनाचा प्रखर झोत पडला की रस्त्याची कडा दिसेनाशी होते. अशा मार्गावर जुनी मोटार रात्री चालवायची असेल, तर तिच्या हेडलाईटचा विचार केवळ हौशीचा राहत नाही. तो चालकाच्या आणि समोरच्या अनोळखी माणसाच्याही सुरक्षिततेचा होतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात ‘अभिजात मोटार’ म्हटले की प्रथम आठवते ती प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली आणि १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात तिने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. परंतु खासगी मालकांनी जतन केलेल्या पद्मिनी आजही आढळतात. पद्मिनी आणि अॅम्बेसेडर या दोन्ही गाड्यांना सात इंच व्यासाचे गोल हेडलाईट असल्यामुळे प्रस्तुत विवेचन दोन्हींना लागू पडते.

उद्दिष्टे :

१. जुन्या मोटारीचा उजेड मंद होण्याची कारणे स्पष्ट करणे.
२. सुधारणेच्या प्रचलित मार्गांची तांत्रिक तुलना करणे.
३. सुधारणेच्या कायदेशीर मर्यादा व इतरांच्या सुरक्षिततेचा विचार मांडणे.

१. उजेड कोठे हरवतो?

हेडलाईट मंद वाटला की दोष बल्बला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक जुन्या मोटारींत बल्बपर्यंत पुरेसा विद्युतदाबच पोहोचत नाही. त्या काळातील सर्वसाधारण रचनेत दिव्याचा संपूर्ण विद्युतप्रवाह बॅटरीपासून डॅशबोर्ड, तेथील स्विच, डिपरचा स्विच आणि मग दिवा असा लांबचा प्रवास करतो. वाटेतील प्रत्येक जोड आणि प्रत्येक गंजलेला संपर्क थोडाथोडा दाब खाऊन टाकतो.

याचे गणित सोपे आहे. ६०/५५ वॉटच्या एच-४ हॅलोजन बल्बचा डिपर १२ व्होल्टला सुमारे ४.६ अँपिअर प्रवाह घेतो. दोन दिव्यांचे मिळून ९.२ अँपिअर होतात. १ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार ६ मीटर लांब असेल, तर तिचा रोध सुमारे ०.१०५ ओहम भरतो आणि या प्रवाहाला तिच्यात जवळजवळ १ व्होल्ट खर्च होतो. जुने स्विच आणि अर्थिंग यांत आणखी १ व्होल्ट गेला असे धरले, तर १३.२ व्होल्टपैकी बल्बला ११.२ व्होल्टच मिळतात.

दाबातील ही घट १५ टक्के असली, तरी उजेडातील घट त्याहून कितीतरी मोठी असते. तंतूच्या बल्बचा प्रकाश दाबाच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे १३.२ व्होल्टला डिपरवर सुमारे १००० ल्युमेन देणारा बल्ब ११.२ व्होल्टला सुमारे ५७० ल्युमेनच देतो. बल्ब नवा असूनही उजेड अर्ध्यावर आलेला असतो.

समुद्रकिनाऱ्याजवळील दमट व खारट हवा या दोषात भर घालते. दिव्याचे अर्थिंग पत्र्यावरील स्क्रूला दिलेले असेल, तर तेथे गंज चढून रोध वाढतो. परीक्षा करण्यासाठी दिवे चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन अग्राला व दुसरे बल्बच्या होल्डरमधील धन अग्राला लावावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसल्यास दोष वायरिंगमध्ये आहे असे समजावे. याच रीतीने बल्बचे अर्थिंग व बॅटरीचे ऋण अग्र यांतील फरकही मोजावा.

२. अधिक वॉटचा बल्ब : एक फसवा उपाय

बाजारात १००/९० वॉटचे बल्ब सहज मिळतात आणि मूळ वायरिंगवरच ते बसवण्याचा प्रघात आहे. वरील उदाहरणातील रोध तोच ठेवून ९० वॉटचे दोन डिपर लावले, तर वाटेतील दाबाची घट सुमारे ३ व्होल्टपर्यंत जाते. म्हणजे बल्बला त्याच्या क्षमतेच्या सुमारे ४२ टक्केच उजेड देता येतो. दुसरीकडे तारा व स्विच यांत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती १८ वॉटवरून ४० वॉटच्या पुढे जाते. डिपरचा स्विच तापणे, होल्डर वितळणे, तारेचे आवरण कडक होऊन फुटणे ही त्याची परिणती होय. डायनामो असलेल्या जुन्या गाडीत मंद गतीला विद्युतनिर्मिती मुळातच कमी असते. तेथे हा भार बॅटरीवर पडतो. अशा बल्बने चालकाला मिळणारा लाभ थोडा आणि गाडीला आग लागण्याचा धोका मात्र वाढतो.

३. रिले : सुधारणेचा पाया

यावरील मूलभूत उपाय रिले हा आहे. रिलेमध्ये एक लहान विद्युतचुंबक असतो. जुना स्विच केवळ त्या चुंबकाला, साधारण ०.२ अँपिअरइतका, प्रवाह देतो. चुंबक आतील संपर्क जोडतो आणि दिव्याचा मुख्य प्रवाह बॅटरीपासून जाड व आखूड तारेने थेट दिव्याला मिळतो. त्यामुळे मूळ स्विच व त्याचे रूप कायम राहते आणि त्याच्यावरील भारही नाहीसा होतो.

डिपर व अपर यांसाठी दोन स्वतंत्र रिले बसवावेत. रिलेच्या ३० क्रमांकाच्या अग्राला बॅटरीकडून फ्यूजमार्गे येणारी तार, ८७ ला दिव्याकडे जाणारी तार, ८६ ला जुन्या स्विचकडून येणारी तार आणि ८५ ला अर्थिंग जोडावे. मुख्य तार २.५ चौरस मिलिमीटरची व २ मीटर लांबीची घेतल्यास तिच्यातील घट केवळ ०.१३ व्होल्ट होते. नवे अर्थिंगही थेट तारेने दिल्यास उजेड क्षमतेच्या जवळजवळ पूर्ण मिळतो. डाव्या व उजव्या दिव्याला वेगळा फ्यूज द्यावा, म्हणजे एका बाजूच्या दोषाने दोन्ही दिवे एकदम विझणार नाहीत. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ, तितकी तार अधिक सुरक्षित.

मॉरिस मायनरसारख्या जुन्या ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन अग्र अर्थला जोडलेले असते. तंतूच्या बल्बला याने फरक पडत नाही. परंतु एलईडी किंवा डायोड असलेला रिले बसवताना दिशा तपासणे अनिवार्य ठरते.

४. परावर्तक, काच आणि एलईडी

बल्बचा उजेड रस्त्यावर नेतो तो परावर्तक. चांदीचा मुलामा असलेला जुना परावर्तक गंधकयुक्त वायूंनी काळवंडतो. अॅल्युमिनियमचा पातळ थर दमट हवेत डागाळतो. हा थर घासून चकचकीत करता येत नाही. घासल्यास तो निघून जातो. अशा वेळी परावर्तकावर नव्याने थर चढवून घेणे किंवा सात इंची नवा संच बसवणे हेच योग्य. सीलबंद दिव्यातील परावर्तक हवेपासून सुरक्षित असतो, मात्र तंतू तुटला की संपूर्ण दिवाच बदलावा लागतो.

नवा संच घेताना काचेकडे विशेष लक्ष द्यावे. भारतात वाहतूक डाव्या बाजूने चालते. म्हणून डिपरच्या झोताची वरची कडा डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेकडे, चढत गेलेली असावी लागते. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशांसाठी बनवलेली काच बसवली, तर हाच चढता झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. युरोपीय मानकानुसार केवळ डाव्या वाहतुकीसाठीच्या काचेवर, दिव्याकडे तोंड करून पाहणाऱ्याच्या उजवीकडे निर्देश करणारा बाण असतो.

जुन्या परावर्तकात एलईडी बल्ब घालणे हा आजचा सर्वांत लोकप्रिय, परंतु शास्त्रीयदृष्ट्या सदोष मार्ग आहे. एच-४ बल्बमध्ये डिपरचा तंतू ठरावीक जागी असून त्याखाली धातूची लहान वाटी असते. त्यामुळे उजेड परावर्तकाच्या केवळ वरच्या भागावर पडतो व झोत खाली वळतो. एलईडीच्या चकत्यांचा आकार व जागा तंतूशी तंतोतंत न जुळल्यास झोताची कडा विस्कटते. गाडीसमोरील जमीन उजळल्याने चालकाला उजेड वाढल्याचा भास होतो, दूरचा रस्ता मात्र अंधारात राहतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. पावसात तर थेंबांवरून परतणारा उजेडही वाढतो. स्वतःचे भिंग असलेला, मान्यताप्राप्त पूर्ण एलईडी संच ही वेगळी बाब होय. तो कमी विद्युतशक्ती घेतो, मात्र गाडीचे मूळ रूप बदलतो.

५. झोताची दिशा

सुधारणा कोणतीही असो, झोत जुळवल्याशिवाय ती अपूर्ण राहते. चाकांतील हवा योग्य ठेवून, चालकाच्या जागी एक व्यक्ती बसवून, गाडी सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटर अंतरावर उभी करावी. दिव्यांच्या मध्याची उंची भिंतीवर आखावी. डिपरच्या झोताची वरची कडा त्या रेषेच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली पडावी, म्हणजेच उतार १ टक्का असावा. या समायोजनास स्क्रू-ड्रायव्हरपलीकडे काही लागत नाही.

६. कायद्याची चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार, दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीला झोताने दिपवता कामा नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरबदलांवर मर्यादा घालते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा काटेकोर अर्थ स्पष्ट केला. शिवाय, २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या मोटारीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. पहिल्या पद्मिनी आता या वयाच्या झाल्या आहेत. रिले बॉनेटखाली लपतो आणि काढून टाकताही येतो. म्हणून मूळ रूप जपू इच्छिणाऱ्या मालकाला तो मार्ग सर्वाधिक अनुकूल ठरतो.

निष्कर्ष :

१. जुन्या मोटारीचा मंद उजेड हा बहुधा बल्बचा नव्हे, तर तारा, स्विच, अर्थिंग व परावर्तक यांचा दोष असतो.
२. सुधारणेचा क्रम मोजमाप, अर्थिंग, रिले, परावर्तक, मान्य क्षमतेचा बल्ब आणि शेवटी झोताची जुळवणी असा असावा.
३. मूळ वायरिंगवर अधिक वॉटचा बल्ब किंवा जुन्या परावर्तकात एलईडी बल्ब बसवणे टाळावे.
४. हेडलाईटच्या सुधारणेचे मोजमाप दोन ठिकाणी करावयाचे असते : चालकाला रस्ता किती दिसतो आणि समोरून येणाऱ्याला तो दिसत राहतो की नाही. बोईसर-चिल्हार मार्गावर रात्री सायकलने घरी जाणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने यांतील दुसरे मोजमाप अधिक महत्त्वाचे आहे.