गाणं मोठ्यानं, घरटं झाकून!

बालमित्रांनो, शिंपी पक्षी तुम्ही पाहिलाय का? पाहिला नसेल, पण ऐकला मात्र नक्कीच असेल. शाळेच्या कुंपणावर, बागेतल्या जास्वंदीत सकाळी सकाळी 'टुविट्-टुविट्-टुविट्' असा टिपेचा सूर लागतो ना, तो याचाच. पक्षी केवढा? शेपटीसकट जेमतेम तेरा सेंटिमीटर. वजन सहा ते दहा ग्रॅम. पण आवाज असा, की साऱ्या आळीला कळावं, 'मी इथं आहे!'

आता गंमत बघा. एवढी दवंडी पिटणारी ही जोडी आपलं घरटं मात्र कुणाला दिसू देत नाही. मादी एखादं मोठं पान निवडते, त्याच्या कडांना चोचीनं भोकं पाडते आणि कापसाचे किंवा कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवून पान चक्क शिवून टाकते. त्या द्रोणात मऊ गादी, गादीवर अंडी. बाहेरून बघाल तर नुसतं पान! माणूस हातभर अंतरावरून निघून जातो, पण आत पिल्लं आहेत याचा त्याला पत्ताही लागत नाही.

मोठ्यानं गायचं, पण घरटं झाकायचं. एवढ्याशा पाखराला जमलेली ही युक्ती आज आपल्याला फार उपयोगी पडणार आहे. कारण आता छंद घरात एकट्यानं करायची गोष्ट राहिलेली नाही. पक्षी बघणारे, फुलपाखरांचे फोटो काढणारे, सायकल चालवणारे, बुद्धिबळ खेळणारे असे सगळे इंटरनेटवर जमतात. तिथं काय सांगायचं आणि काय राखून ठेवायचं? पक्षिनिरीक्षणाचंच उदाहरण घेऊन बघू या.

पत्रमैत्रीपासून नकाशापर्यंत

तुमच्या आई-बाबांना विचारा, त्यांच्या लहानपणी मुलांच्या अंकांत पत्रमैत्रीचं सदर असायचं. नाव, वय, छंद आणि खाली पूर्ण पत्ता! पोस्टाची तिकिटं जमवणारा सोलापूरचा मुलगा रत्नागिरीच्या मुलाला पत्र टाकायचा. अंक जुना झाला, की रद्दीत जायचा आणि पत्ताही त्याच्याबरोबर जायचा.

इंटरनेटवरची नोंद मात्र रद्दीत जात नाही. आज लिहिलेलं पाच वर्षांनीही कुणी शोधू शकतो. शिवाय शोधणारा कोण, हे आपल्याला दिसत नाही. मग काय, काहीच लिहू नये? छे! तसं केलं तर आपलंच नुकसान.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेनं २००२ साली 'ईबर्ड' नावाची नोंदवही इंटरनेटवर सुरू केली. कुणीही यावं, कुठं आणि कधी किती पक्षी दिसले ते लिहावं. आपल्या देशातले हजारो हौशी लोक तिच्यात नोंदी करतात. 'भारतातील पक्ष्यांची स्थिती' हा २०२३ सालचा अहवाल अशाच नोंदींवर उभा आहे. सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या तीन कोटी नोंदी! त्यांच्या आधारे शास्त्रज्ञांनी ९४२ जातींच्या पक्ष्यांचा अभ्यास केला. कुठला पक्षी कमी होतोय, कुठला वाढतोय, हे त्यातून कळलं. त्या तीन कोटींत शाळेतल्या मुलांनी मोजलेले कावळे-चिमण्याही आहेतच की! प्रत्येकानं आपली वही कपाटात कुलूप लावून ठेवली असती, तर हे कधीतरी कळलं असतं का?

पत्ता सांगितला आणि घात झाला

मोकळेपणाची दुसरी बाजूही आहे बरं का. इंडोनेशियात रोती नावाचं एक छोटं बेट आहे. तिथं लांबलचक मानेचं एक कासव राहतं. ही जात वेगळी आहे, असं शास्त्रज्ञांनी १९९४ साली जाहीर केलं. शास्त्राच्या नियमाप्रमाणे ते कुठं सापडतं, हेही छापलं. बातमी शास्त्रज्ञांनी वाचली, तशी प्राण्यांचा व्यापार करणाऱ्यांनीही वाचली! हौशी लोक दुर्मीळ कासवाला भरमसाट पैसे मोजू लागले. थोड्याच वर्षांत ते बेटावरून जवळजवळ नाहीसं झालं.

शास्त्रज्ञांच्या हेतूत काही खोट होती का? मुळीच नाही. पण पत्ता एकदा सगळ्यांना दिला, की तो चांगल्यांनाही मिळतो आणि वाईटांनाही.

म्हणून निसर्गाच्या नोंदवह्यांनी एक मधला मार्ग काढला. 'आयनॅचरलिस्ट' नावाची अशीच एक जागा आहे. तिथं धोक्यात असलेल्या जातीची नोंद केली, की नकाशावरची खूण आपोआप सरकते. साधारण वीस-बावीस किलोमीटर बाजूचा चौकोन घ्यायचा आणि त्यात कुठंतरी खूण टाकायची. तारीखही पूर्ण दिसत नाही, नुसता महिना दिसतो. ईबर्डनंही २०१७ पासून काही जातींसाठी अशीच सोय केली. अमुक पक्षी या भागात आहे, एवढं जगाला कळतं. तो नेमका कुठल्या झाडावर आहे, ते कळत नाही. खरी जागा पुसलेली मात्र नसते. ती आत जपून ठेवलेली असते आणि अभ्यासासाठी कामी येते.

म्हणजे बघा, उत्तर 'सगळं उघडं' असं नाही आणि 'सगळं बंद' असंही नाही. कुणाला, किती बारकाईनं सांगायचं, हे ठरवायचं.

आता तुमचं घरटं!

कासवाला जपतो, घुबडाला जपतो; मग स्वतःला नको का जपायला?

समजा, एक मुलगी रोज पक्ष्यांची नोंद करते. हुशार आहे, घराचा पत्ता कधीच लिहीत नाही. पण रोज सकाळी साडेसहाची नोंद असते आणि जागेचं नाव असतं 'माझी गॅलरी'. नकाशावर खूण घराच्याच जागी. शनिवारच्या नोंदीत लिहिलंय, 'शाळेमागच्या तळ्यावर, क्लासच्या आधी.' एका फोटोत गळ्यात दुर्बीण आणि अंगात शाळेचा गणवेश. सुट्टीत लिहिलंय, 'आठ दिवस गावाला चाललो सगळे.'

एकेक वाक्य साधंच आहे ना? पण चित्रकोड्याचे तुकडे असतात तसं हे आहे. एका तुकड्यावरून काही कळत नाही. चार तुकडे जुळवले, की घर कुठलं, शाळा कुठली, एकटी कधी असते, घराला कुलूप कधी असतं, सगळं चित्र तयार!

तुकडे जुळल्यावर काय होतं, याचा धडा भल्याभल्यांना मिळालाय. 'स्ट्राव्हा' या ॲपवर लोक आपलं धावणं आणि सायकल चालवणं नोंदवतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी जगभरच्या वापराचा एक नकाशा प्रसिद्ध केला. जिथं लोक जास्त धावतात, तिथं रेषा चमकदार. कुणाचंही नाव त्यात नव्हतं. पण जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की अफगाणिस्तान आणि सीरियाच्या अंधाऱ्या वाळवंटातही काही रेषा लखलखतायत! त्या होत्या लष्करी तळांच्या. तळावरचे जवान रोज व्यायामाला धावत होते आणि मनगटावरचं यंत्र इमानदारीनं वाट नोंदवत होतं. नाव नाही, गाव नाही. पण रोजच्या सवयीनंच जागा सांगून टाकली.

थोडं गणित करू या

मोबाइलमध्ये जागेची नोंद चालू असेल, तर फोटोबरोबर अक्षांश-रेखांशही साठवले जातात. भूगोलात तुम्ही शिकलाय, की अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. आता दशांश चिन्हापुढं एकेक घर वाढवत चला. एक घर म्हणजे सुमारे ११ किलोमीटर, म्हणजे अख्खं छोटं शहर. दोन घरं म्हणजे एक किलोमीटरभर, आपला परिसर. तीन घरं म्हणजे एकशे दहा मीटर, आपली गल्ली. आणि चार घरं? फक्त ११ मीटर. म्हणजे थेट तुमची गॅलरी!

दशांशाचं एक घर कमी केलं, की घरटं दहापट झाकलं जातं. आहे की नाही शाळेतल्या गणिताचा उपयोग?

झाकणं वेगळं, खोटं बोलणं वेगळं

इथं कुणी म्हणेल, 'सोप्पं आहे! खोटीच जागा टाकायची.' थांबा. ही गोष्ट ऐका.

सातपुड्यात वनपिंगळा नावाचं एक छोटं घुबड राहतं. काही जण त्याला रानपिंगळाही म्हणतात. १८८४ नंतर ते कुणाला सापडलंच नव्हतं. संग्रहालयांत मिळून जेमतेम सात नमुने. त्यातल्या एका नमुन्यावर चिठ्ठी होती: १९१४ साल, गुजरातमधलं मांडवी. ती लावली होती रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं. पुढच्या शोधकांची या चिठ्ठीनं दिशाभूल झाली.

अमेरिकेच्या पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांना त्या नमुन्याचा संशय आला. त्यांनी तो बारकाईनं तपासला आणि बिंग फुटलं! माइनर्ट्झहागेननं तो पकडलाच नव्हता. दुसऱ्यानं खानदेशात मिळवलेला जुना नमुना संग्रहालयातून चोरून, थोडा नव्यानं शिवून, त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. मग ते ठिकाण बाजूला ठेवून रासमुसेन आणि त्यांचे साथीदार जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागे निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भर दिवसा एका उघड्या फांदीवर वनपिंगळा बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी!

बघा, एका खोट्या ठिकाणानं केवढा घोळ केला. म्हणून 'जागा सांगत नाही' असं म्हणा, नुसता तालुका सांगा, खूण धूसर करायची सोय असेल तर ती वापरा. हे सगळं प्रामाणिकपणाचं आहे. पण न पाहिलेला पक्षी पाहिला म्हणू नका आणि नाशिकचा पक्षी नागपुरात नेऊन बसवू नका. झाकलेली गोष्ट विश्वासानं झाकलेली असते. खोट्या गोष्टीनं विश्वासच जातो.

मग सांगायचं काय, झाकायचं काय?

खुशाल सांगा: कोणता पक्षी, किती, काय करत होता, ओळखला कशावरून. शंका असेल तर तीही मोकळेपणानं लिहा. 'हा वटवट्या आहे, की दुसरा कुणी?' असं विचारलंत, की दहा जाणकार मदतीला येतात. शिकायचा तोच तर खरा रस्ता!

झाकून ठेवा: घर, शाळा, फोन नंबर, रोज कुठं किती वाजता असता ते आणि घरात कोण कधी नसतं ते. गॅलरीतल्या नोंदीसाठी जवळची सार्वजनिक बाग किंवा चौक ही जागा चालणार नाही हं, ते खोटं झालं! खूण धूसर करा किंवा नोंद स्वतःपुरती ठेवा. सहलीची हकीकत सहलीहून परत आल्यावर लिहा. पूर्ण नावाऐवजी टोपणनाव घ्या. ईबर्डवर नाव न दाखवताही नोंद करता येते.

दुसऱ्याचं घरटंही झाका: मित्राचा फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकू नका. कुणाच्या शेतातल्या विहिरीवर खंड्या दिसला, तर शेतकरीकाकांना विचारा, 'नोंदवू का?' आणि पक्ष्याचं खरं घरटं? त्याचा फोटोही नको आणि पत्ताही नको.

छंदाच्या निमित्तानं ओळख झालेलं कुणी खासगीत घरचा पत्ता, तुमचा फोटो मागू लागलं किंवा 'एकट्यानंच ये, घरी सांगू नकोस' म्हणालं, तर लगेच घरी सांगा. चूक तुमची नसते, त्यामुळे रागावतील या भीतीनं गप्प बसायचं नाही. घरी सांगणं जमत नसेल, तर बाईंना-सरांना सांगा किंवा १०९८ या बालकांच्या मदतक्रमांकावर फोन करा.

आपली खासगी गोष्ट आपल्यापाशी ठेवणं म्हणजे लपवाछपवी नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा प्रत्येक भारतीयाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली संसदेनं केलेल्या माहितीरक्षणाच्या कायद्यात तर अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती हवी, असं म्हटलंय. म्हणून खातं उघडायचं ते आई-बाबांना शेजारी बसवून. अगदी लहान भावंडांसाठी 'सीक' नावाचं ॲप आहे. त्यात खातं न उघडताच फुलं-पाखरं ओळखता येतात.

तेव्हा मित्रांनो, येत्या रविवारी एक काम करा. वही घ्या, मधोमध रेघ मारा. पंधरा मिनिटं बाहेर बघा आणि दिसलेले सगळे पक्षी डावीकडे लिहा. हे झालं सगळ्यांना सांगायचं. मग त्यातून तुमच्याबद्दल काय काय कळू शकेल, ते उजवीकडे लिहा आणि आई-बाबांबरोबर बसून ठरवा, त्यातलं काय झाकायचं. एवढं झालं, की खुशाल नोंदवा. दर फेब्रुवारीत जगभर चार दिवस अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी होते. तुमच्या डाव्या रकान्याची तिथं वाट बघतायत!