मंदाऊचं वय कसं ओळखायचं? (एपिसोडचं ट्रान्सक्रिप्ट)

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय, थोडी काटछाट करून.

सिंगापूरला नोकरी करणाऱ्या आपल्या एका श्रोत्याने मला एका तलवारीचे फोटो पाठवले. विकणारा सांगतो, 'बोर्नियोतल्या दायाक योद्ध्याची, अठराव्या शतकातली, मुंडकी उडवलेली.' किंमत साधारण त्याच्या महिन्याच्या पगाराएवढी. प्रश्न एकच: घेऊ का?

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि जुन्या हत्यारांबद्दल वाचणं हा माझा छंद. त्यामुळे उत्तरही कोडवाल्यासारखंच देतो. 'तलवार किती जुनी?' हा प्रश्नच चुकतो. पातं, मूठ, म्यान, वेताची बांधणी, प्रत्येकाची तारीख वेगळी असू शकते. मूठ तडकली की नवी बसवायची, म्यान कुजलं की नवं करायचं. हत्यार रोजच्या वापरातलं होतं, शोकेसमधलं नव्हतं. एखाद्या जुन्या प्रोजेक्टमध्ये एक फाइल दहा वर्षांपूर्वीची आणि शेजारची कालची असते ना, तसं.

आधी ओळख पटवू. दायाक हे एका जमातीचं नाव नाही. बोर्नियोतल्या कित्येक समाजांना मिळून ते नाव पडलंय. त्यातल्या केन्या, कायान वगैरे लोकांची ओळखीची तलवार म्हणजे मंदाऊ. सारावाकमध्ये तिला पारांग इलांग म्हणतात. इबान लोकांची न्याबूर वेगळी: पातं वाकडं, टोकाकडे रुंद होत गेलेलं, आणि मुठीजवळ बोट अडवायला लोखंडाचाच एक काटा. मंदाऊला असा काटा नसतो.

मंदाऊची खरी खूण पात्याच्या दोन बाजूंत आहे. एक बाजू किंचित खोलगट, दुसरी फुगीर. म्हणूनच उजव्या हाताचा मंदाऊ आणि डावऱ्याचा मंदाऊ वेगवेगळे बनतात. असं पातं घडवायला कसलेला लोहार लागतो. बाजारासाठी झटपट केलेल्या मालात दोन्ही बाजू सरळ सपाट असतात. साध्या लोखंडाच्या अशा नकलेला तिकडे 'आंबांग' असं वेगळं नावच आहे. समोरून काढलेल्या फोटोत हा फरक अजिबात कळत नाही, आणि विकणारे नेमका तोच फोटो टाकतात!

आता पितळ. पात्याला आरपार भोकं पाडून त्यात पितळ ठोकलेलं असतं, पाठीच्या कडेने ठिपक्यांची रांग दिसते. 'जितके ठिपके तितकी मुंडकी' ही गोष्ट विक्रीला फार उपयोगी आहे. मी ती पुरावा म्हणून धरत नाही. ठिपके सजावट म्हणूनही घालतात, नव्या विकाऊ पात्यांवरसुद्धा. त्यापेक्षा धार बघा. वर्षानुवर्षं दगडावर घासलेलं पातं मधेच अरुंद होतं आणि नक्षीच्या कडा बोथट होतात. नव्या पात्याची रेषा टोकापर्यंत एकसारखी जाते.

मूठ सहसा सांबराच्या शिंगाची किंवा लाकडाची. शिंगावरचं कोरीवकाम जिथे तळहात टेकतो तिथे गुळगुळीत व्हायला हवं, आणि खोल खाचांत मळ राहायला हवा. सगळीकडे एकसारखा चहासारखा रंग दिसला तर तो बहुतेक मुद्दाम चढवलेला. पातं मुठीत बसवायला डिंकासारखा गटापार्चा वापरायचे आणि वरून वेताची किंवा तारेची वीण. तिथे चकचकीत आधुनिक गोंद दिसला, तर निदान तो जोड तरी अलीकडचा आहे.

म्यान म्हणजे लाकडाच्या दोन फळ्या, वेताने बांधलेल्या. मागच्या बाजूला एक छोटा कप्पा, त्यात लांब दांड्याची बारीक सुरी, वेत तासायला आणि कोरीवकामाला. ही सुरी बऱ्याचदा हरवलेली असते, त्यात वावगं काही नाही. मात्र वीण ताजी पिवळी आणि फळ्या काळ्या असतील तर वीण नंतरची.

मग अठराव्या शतकाचं काय? बोर्नियोच्या दमट हवेत लाकूड आणि वेत फार टिकत नाहीत. संग्रहालयांतले बहुतेक मंदाऊ एकोणिसाव्या-विसाव्या शतकातले आहेत. 1894 साली डच देखरेखीखाली तुंबांग आनोई इथे दायाक गटांची मोठी सभा झाली आणि मुंडकी मारणं थांबवायचं ठरलं. म्हणून 'योद्ध्याचा' म्हटलं की लोक आपोआप 1894 च्या आधीची तारीख लावतात. पण मंदाऊ बनणं थांबलं नाही. शेतात, नाचात, लग्नकार्यात तो पुढेही राहिला. मुंडकी मारणंही एका दिवसात संपलं नाही. 1945 मध्ये जपानी सैनिकांविरुद्ध ते पुन्हा दिसलं.

सगळ्यात भक्कम तारीख तलवारीवर नसतेच, कागदावर असते. जुन्या संग्रहाची शाईने लिहिलेली चिठ्ठी, संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक, कुटुंबातलं जुनं पत्र. त्यातून वस्तू 'या वर्षाच्या आधीची' एवढं तरी पक्कं होतं. नमुने ताडून पाहायला चार्ल्स होज आणि विल्यम मॅकडूगल यांचं 1912 चं पुस्तक जुनं असलं तरी कामाचं आहे. त्यातला साहेबी सूर मात्र चाळून घ्या.

श्रोत्याला मी चार फोटो मागायला सांगितले: टोकाकडून पात्याचा, मूठ आणि पात्याच्या जोडाचा, म्यानाच्या मागचा, आणि कागद असतील तर त्यांचा. पाचवी गोष्ट केसांची. मुठीवर आणि म्यानावर केसांचे झुपके असतात, बकरीचे किंवा कधी माणसाचेही. शिवाय हॉर्नबिलची चोच किंवा रानमांजराचे दात असतील तर वस्तू सीमेपलीकडे नेताना वन्यजीव कायदा आडवा येतो. हेल्मेटेड हॉर्नबिलच्या व्यापारावर तर आंतरराष्ट्रीय बंदी आहे. म्हणून पैसे भरायच्या आधी विकणाऱ्याकडून हे सगळं लेखी मागून घे, असं त्याला कळवलंय.