मुलाखतीला निघालात? आधी खडू हातात घ्या!

डी.एड., बी.एड. झालं, टीईटी पास झाली, अभियोग्यता चाचणीत बरे गुण पडले, की घरी पेढे येतात. मग एक दिवस संस्थेचा निरोप येतो, ‘अमुक तारखेला मुलाखतीस हजर राहावे.’ आणि मुलीची झोप उडते. आर्वी, कारंजा, समुद्रपूरकडच्या कितीतरी मुली, सुना अशा वेळी आमच्या महिला मंडळात येतात. पहिलं वाक्य ठरलेलं, ‘काकू, मले सगळं येते, पण समोर चार जण बसले की तोंडच उघडत नाही!’

आधी कुठे काय असतं ते बघू. जिल्हा परिषदेच्या शाळांची भरती पवित्र पोर्टलवरून चाचणीच्या गुणांवर होते, तिथे मुलाखत नसते. खासगी अनुदानित संस्थांना ‘मुलाखतीसह’ हा पर्याय निवडता येतो. तिथे मुलाखत असते आणि पाठही घ्यावा लागतो. विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा आपापल्या मुलाखती घेतात. पण कुठेही जा, समोरच्यांना शेवटी एकच बघायचं असतं. ज्या मुलाला समजलं नाही, त्याच्यासाठी ही बाई काय करते?

मुली तयारी करतात ती मात्र वेगळीच. शिक्षणतज्ज्ञांची नावं, व्याख्या, आयोगांची सालं पाठ! तीही यावीत. पण समजा, प्रश्न आला, ‘तिसरीच्या मुलाला हातच्याची वजाबाकी कशी शिकवाल?’ इथे व्याख्या कामाची नाही. खराट्याच्या काड्या घ्या. दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या, झाल्या ४२. त्यातून १७ काढायच्या. सुट्या दोनच, सात कशा देणार? मुलालाच विचारा. तोच म्हणेल, ‘बाई, एक गठ्ठा सोडा ना!’ सुट्या झाल्या बारा. सात दिल्या, उरल्या पाच. तीन गठ्ठ्यांतला एक दिला, उरले दोन. उत्तर २५. काड्या, रबर आणि खडू पिशवीत घेऊनच जा. ‘करून दाखवू का?’ असं विचारणारी उमेदवार लक्षात राहते.

पाठाची तयारी आरशापुढे होत नाही, मुलांपुढेच होते. शेजारची पाच-सहा पोरं ओसरीवर बसवा, वीस मिनिटांचा पाठ घ्या. घरातल्या कुणाला तरी मागे बसवून तीन गोष्टी बघायला सांगा. शेवटच्या पोराला ऐकू येतं का? फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ किती वेळ राहते? हुशार पोरगाच सारखी उत्तरं देतो, की गप्प बसलेल्या मुलीलाही विचारलं? चौथ्या-पाचव्या दिवशी आवाज आपोआप मोकळा होतो.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक प्रश्न अधूनमधून येतो, ‘वर्ध्याच्या आहात, मग नई तालीम म्हणजे काय?’ २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. त्यातून डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली. सात वर्षांचं मोफत व सक्तीचं शिक्षण, ते मातृभाषेतून आणि हातांनी केलेल्या उत्पादक कामातून, हा त्याचा गाभा. १९३८ साली हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याने सेवाग्रामला हे काम वाढवलं. तिथे २००५ पासून आनंद निकेतन शाळेत त्याच विचाराने शिक्षण सुरू झालं.

पण एवढं सांगून थांबू नका. याचा आपल्या वर्गात उपयोग काय, तेही सांगा. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गात हजेरी कमी होते. मग गणित वेचणीवरच घ्या की! आईने २८ किलो कापूस वेचला, किलोला दहा रुपये, तर मजुरी किती? हा हिशेब मुलाला आवडतो आणि घरीही कामी येतो.

आता नाजूक विषय. देवळी तालुक्यातली एक सून लग्नानंतर सात वर्षांनी मुलाखतीला गेली. तिला विचारलं गेलं, ‘लहान मूल आहे, सारख्या रजा घ्याल का?’ असे प्रश्न पुरुष उमेदवाराला सहसा कुणी विचारत नाही. राग येणं साहजिक आहे. तिने शांतपणे सांगितलं, ‘मुलाला सांभाळायला घरी सासूबाई आहेत. सात वर्षं घरी होते, पण रोज गल्लीतल्या मुलांचा अभ्यास घेत होते. त्यांच्या वह्या सोबत आणल्यात.’ वह्या टेबलावर ठेवल्या आणि पुढचे प्रश्न त्या वह्यांवरच आले. घरी घालवलेल्या वर्षांची लाज बाळगू नका. त्या वर्षांत काय केलं, ते दाखवता आलं पाहिजे.

कागदपत्रांत बायकांची हमखास अडचण होते ती नावाची. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं! विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जवळ ठेवा. जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर यांच्या तारखा आधीच तपासा. मूळ प्रमाणपत्रं फक्त दाखवायची, जमा करून यायची नाहीत. द्यायच्या त्या साक्षांकित प्रती.

आणि पैशाचं बोलणं निघालं तर? ‘संस्थेच्या इमारतीसाठी थोडी मदत’ अशा गोड शब्दांत ते येतं. शेत गहाण टाकून, मंगळसूत्र मोडून दिलेल्या पैशाची पावती मिळत नाही. नोकरी मिळेल याचीही खात्री नसते. ‘घरी विचारून सांगते’ म्हणून वेळ मारून नेऊ नका, सरळ नाही म्हणा. तुम्हीही प्रश्न विचारा. नियुक्तीपत्र कधी मिळेल? पगार किती आणि बँकेत जमा होईल का? शिक्षण सेवकाचा काळ तीन वर्षांचा असतो. त्याचं मानधन शासनाने २०२३ मध्ये वाढवून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये केलं. हे आकडे ठाऊक असले की कमी रकमेवर सही करायला कुणी सांगितलं, तर लगेच लक्षात येतं.

सासूबाईंना, आयांना एक विनंती. मुलाखतीआधीचे पंधरा दिवस संध्याकाळच्या पोळ्या दुसऱ्या कुणी लाटल्या तरी चालतील. ओसरीवर सतरंजी टाका, पोरं गोळा करा आणि तिचा पाठ होऊ द्या. पहिल्या मुलाखतीत निवड नाही झाली तरी पाठ थांबवू नका. दुसऱ्या मुलाखतीला जाताना ती घाबरलेली नसेल!