लहरींपेक्षा बॅटरीची काळजी

विमान सुटताना मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर टाकण्याची सूचना होते. या सूचनेचं मूळ मोबाइलच्या कितीतरी आधीचं, हातात मावणाऱ्या एफएम रेडिओतलं. रेडिओ नुसत्या लहरी पकडतो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात लावलेल्या केंद्रापेक्षा साधारण १०.७ मेगाहर्ट्झ वरची लहर तो स्वतःच्या पोटात तयार करतो आणि तिचा अंश बाहेर झिरपतो. १०० मेगाहर्ट्झचं केंद्र लावलं, की ११०.७ची लहर. विमानाला दिशा सांगणारी ‘व्हीओआर’ यंत्रणा नेमकी १०८ ते ११८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते! म्हणून अमेरिकेनं १९६१ मध्ये विमानातल्या एफएम रेडिओंवर बंदी घातली. ती भीती अगदी रास्त होती.

पुढे विमानांची उपकरणं अशा लहरींपासून अधिक सुरक्षित झाली. २०१३ मध्ये अमेरिकेनं, २०१४ मध्ये भारतानं फ्लाइट मोडवरची उपकरणं संपूर्ण प्रवासात वापरायला मुभा दिली. जानेवारी २०२२ मध्ये ‘५जी’मुळे एअर इंडियानं अमेरिकेची काही उड्डाणं रद्द केली, तेव्हाही चिंता फोनची नव्हे, जमिनीवरच्या टॉवरची होती. विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणारा रेडिओ अल्टिमीटर त्यांच्या शेजारच्या पट्ट्यात चालतो.

आज मला खरी काळजी वाटते ती लिथियम बॅटरीची. बॅटरी चेपली, किंवा तिच्यात मुळातच दोष असला, तर आत शॉर्टसर्किट होतं. उष्णतेनं रासायनिक क्रिया वेगावते, त्यातून आणखी उष्णता निर्माण होते आणि एका सेलची आग शेजारच्या सेलला लागते. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. सर्व १७६ जण बाहेर पडले, पण विमानाचं छप्पर जळून गेलं. डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यातली पॉवर बँक हे आगीचं संभाव्य कारण ठरलं. या आगीनंतर कोरियानं पॉवर बँका वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली.

पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, तेही याचसाठी. खाली सामानाच्या कक्षात पेटलेली बॅटरी कोणाच्या नजरेस पडत नाही आणि तिथला अग्निशामक वायू ज्वाळा दाबतो, पण सेलमधली उष्णता काढत नाही. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो, आणि कर्मचारी ज्वाळा विझवून बॅटरीवर भरपूर पाणी ओततात.

फोन सीटच्या फटीत पडला, तर सीट मागेपुढे करून तो काढायला जाऊ नका. सीटच्या यांत्रिक भागात सापडून बॅटरी चेपते. आधी कर्मचाऱ्यांना बोलवा.