गिअरची मूठ बदलताना

हौसेने गाडी सजविण्याची आवड आता घरोघरी दिसते. त्यात सर्वांत सोपी वाटणारी गोष्ट म्हणजे गिअरची मूठ, अर्थात नॉब, बदलणे. काम दहा मिनिटांचे. परंतु चोर्ला घाटाच्या वळणावर ही मूठ हातात निघून आली तर काय प्रसंग ओढवेल, याचा विचार आधी करावा. म्हणून पालक आणि मोठ्या वर्गातील विद्यार्थी यांच्यासाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

प्रथम जुनी मूठ नीट पाहावी. काही लहान गाड्यांत मुठीखालची कडी वर ओढल्याशिवाय रिव्हर्स गिअर पडत नाही. नवीन मुठीने ही कडी अडता कामा नये किंवा निकामी होता कामा नये. शाळा सुटताना फाटकापाशी गाड्या मागे घेतल्या जातात आणि तेथेच मुले उभी असतात, हे आपण रोज पाहतो. ऑटोमॅटिक गाडीच्या मुठीत तर कुलुपाचे बटण असते. ती घरी बदलू नये.

मूठ दांड्यावर आट्यांनी बसत असेल, तर आट्यांचे माप महत्त्वाचे. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत दांडा १० मिलिमीटरचा व आट्यांतील अंतर, म्हणजे पिच, १.५ मिलिमीटर असते. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत हेच माप १२ आणि १.२५ असते. विद्यार्थ्यांनो, हे पट्टीनेही तपासता येते. १५ मिलिमीटर लांबीत १० आटे भरले तर पिच १.५, १२ भरले तर १.२५. जाडी जुळली पण पिच चुकली, तर मूठ दोन-तीन फेऱ्यांनंतर अडते. तेथे जोर केल्यास आटे कापले जातात. बारीक स्क्रूंनी आवळायच्या 'सर्व गाड्यांना चालणाऱ्या' मुठी वापरात सैल पडू शकतात. त्यापेक्षा योग्य मापाची मूठ घ्यावी.

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे व हँडब्रेक ओढावा. जुनी मूठ घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून काढावी. दांड्यावर आधी चेकनट चढवावा, मग नवीन मूठ केवळ बोटांनी फिरवावी. निदान दांड्याच्या जाडीइतकी लांबी आट्यांत गेली पाहिजे. गिअरचा नकाशा सरळ दिसू लागला की मूठ धरून ठेवावी आणि चेकनट पान्ह्याने तिच्याकडे आवळावा. त्यानंतर क्लच दाबून रिव्हर्ससह सर्व गिअर टाकून पाहावेत. हादऱ्यांनी नट सैल होतो, म्हणून आठवड्याने पुन्हा तपासावे.

मूठ बुटकी असेल तर हाताचा प्रवास कमी होतो, पण जोर अधिक लागतो. तरफेचा हा नियम आपण वर्गात शिकतोच. धातूची मूठ मे महिन्याच्या उन्हात चटका देते, हेही ध्यानात असू द्यावे. मुठीवर गिअरचा नकाशा नसेल तर तो डॅशबोर्डवर चिकटवावा, कारण घरची गाडी एकटाच चालवतो असे नाही. जुनी मूठ जपून ठेवावी. नवीन मूठ जराही हलू लागली, तर जुनीच पुन्हा बसवून मगच गाडी बाहेर काढावी.