वालुकाश्मातील तेल आणि वायू

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर परिसरात विहीर खणणाऱ्याला मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. हा बेसाल्ट खडक होय. त्याला पाणी असते ते मुख्यतः भेगांत. म्हणून एक विहीर भरलेली आणि शेजारची कोरडी असे घडते.

वालुकाश्माचा स्वभाव निराळा आहे. ज्वारीने काठोकाठ भरलेल्या मापातही पाणी ओतता येते, कारण दाण्यांमध्ये पोकळी असते. वाळूचे कण दाबले जाऊन खडक बनतो तेव्हाही अशी पोकळी उरते. तिला सच्छिद्रता म्हणतात. चांगल्या साठाखडकात ती सुमारे १५ ते २५ टक्के असते. ज्वारीत पीठ मिसळले तर फटी बुजतात. वाळूत चिकणमाती मिसळल्यास तेच होते. शिवाय छिद्रे परस्परांशी जोडलेली हवीत. या गुणाला पार्यता म्हणतात. 'तेलाची विहीर' या शब्दामुळे भूगर्भातील तळ्याचे चित्र मनात उभे राहते, ते चुकीचे आहे. तेल भिजलेल्या दगडात असते.

खानदेशातून वाहणारी तापी ज्या समुद्राला मिळते, तेथील तापी वायुक्षेत्र हे याचे उत्तम उदाहरण. तेथील वायू ऑलिगोसीन काळातील, म्हणजे सुमारे अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीच्या वालुकाश्मांत आहे. ही वाळू प्राचीन नद्यांनी किनाऱ्याशी आणून टाकली. खोल गाडल्या गेलेल्या सेंद्रिय गाळातून उष्णतेने वायू निर्माण झाला, पाण्याहून हलका म्हणून वर सरकला आणि माथ्यावरील अपार्य शेल थराखाली अडकला. (१९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायचा प्रमुख साठा मात्र चुनखडकात आहे, येथे पुष्कळांची गफलत होते.)

मग शिरड शहापूरच्या बेसाल्टाखाली काय असेल? १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे खोल वेधन झाले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसाल्टाखाली जेमतेम ८ मीटर गाळाचे थर आणि त्याखाली अतिप्राचीन स्फटिकी खडक लागला. एका वेधनावरून साऱ्या मराठवाड्याचे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. परंतु तेल तयार होण्यास सामान्यतः दोन-तीन किलोमीटर खोल गाडलेला गाळ लागतो, हे ध्यानात ठेवावे.

साचलेल्या पाण्यावर रंगीत तवंग दिसला की गावात तेलाची चर्चा सुरू होते. तो बहुधा लोहजीवाणूंचा असतो. काडीने ढवळून पाहावे: लोहाचा तवंग तुकड्यांत फुटतो, तेलाचा पुन्हा जुळून येतो.